शेवंतीची जात विचारायला

आमच्या ओळखीपाळखीच्या लोकांच्या लेखी बुलडाणा जिल्ह्यात दोनच गोष्टी आहेत, शेगाव आणि लोणार. पहिल्या ठिकाणाहून माणसं दर्शन आणि कचोऱ्या घेऊन परततात, दुसऱ्या ठिकाणाहून मोठ्या खड्ड्याच्या काठावर उभं राहून काढलेले फोटो. मी त्या जिल्ह्यात दोनदा गेले आणि या दोन्हींतलं काहीच पाहिलं नाही. मी शेवंतीची पानं तोडायला गेले होते. फुलंसुद्धा नाही, पानं.

नव्वदीचं दशक तेव्हा अर्ध्यावर आलं होतं. पुण्यातल्या ज्या प्रयोगशाळेत मी कामाला होते तिथे डीएनए तपासायचं यंत्र नुकतंच आलं होतं. घरात नवा मिक्सर आला की आठवडाभर दिसेल त्या भाजीची चटणी होते, तसं आमच्याकडे दिसेल त्या झाडाचं चाललं होतं. पान वाटायचं, त्यातला डीएनए काढायचा, त्याचे काही तुकडे यंत्रात वाढवायचे आणि एका पारदर्शक वडीतून विजेच्या जोरावर पळवायचे. मग खास दिव्याखाली ते तुकडे पट्ट्यांसारखे चमकतात, एकाखाली एक, शिडीच्या पायऱ्यांसारखे. दोन झाडांच्या शिड्या वेगळ्या दिसल्या तर झाडं वेगळी. पुन्हापुन्हा तपासूनही सारख्याच दिसल्या तर झाड बहुधा एकच, मग लोकांनी त्याला नावं काहीही ठेवलेली असोत. शेवंती बियांवर नाही, फुटव्यांवर वाढवतात, म्हणजे एका झाडाची हजार झाडं होतात आणि हजारांची शिडी एकच राहते.

प्रकल्पाचं नाव लांबलचक होतं. त्याचा अर्थ एवढाच की वऱ्हाडातल्या शोभेच्या फुलांत किती जाती खरोखर वेगळ्या आहेत ते पाहायचं. आमच्या सरांनी त्याचा निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता, "विविधता विपुल आहे." मला तो कागद दाखवून म्हणाले, "आता फक्त नमुने आणायचे राहिलेत." सरांनी आयुष्यात शेवंती पाहिली होती ती सत्काराच्या हारात. तिला मूळ असतं ही माहिती त्यांना मीच दिली असावी. पण माझी नेमणूक दरवर्षी त्यांच्या सहीनं वाढायची, त्यामुळे मी थर्मोकोलचा डबा उचलला आणि निघाले. दिवाळी नुकतीच संपली होती.

नांदुरा

स्टेशनाबाहेर गुलाबराव उभे होते. नांदुऱ्याच्या रस्त्यावर त्यांची मोठी रोपवाटिका आहे. सरांची आणि त्यांची ओळख एका परिषदेत झाली होती. बहुधा जेवणाच्या रांगेत, कारण सरांच्या सगळ्या ओळखी तिथेच होतात.

"या मॅडम, या. आपल्याकडे शेवंतीच्या अकरा व्हरायट्या हायेत. पार अकोल्यापर्यंत कोणाकडेच नाई."

आधी नाश्ता झाला. आलूबोंडा, आणि त्यावर ओतलेली गरम कढी. पुण्यात कोणी बटाटेवड्यावर कढी ओतली तर शेजारी बोलणं बंद करतील. मी नाक मुरडून एक खाल्ला, आणि मग नाक जागेवर आणून आणखी दोन.

रोपवाटिकेत वाफ्यावाफ्याला पत्र्याच्या पाट्या होत्या. सुवर्णराणी, राजमोती, चांदणी, मधुमती. एखाद्या तमाशाच्या फडाची हजेरी घ्यावी तशी मी त्या वाचत गेले. सुवर्णराणी आणि राजमोती, दोन्हींची फुलं पिवळी, पानं तीच, उंची तीच. मी विचारलं, "या दोघींत फरक काय?"

गुलाबरावांनी क्षणभर विचार केला. "राजमोतीचा रेट जास्ती हाय."

शास्त्रीय वर्गीकरणाचं इतकं प्रामाणिक तत्त्व मी आमच्या विभागात कधी ऐकलं नव्हतं.

सगळ्यात शेवटी, हिरव्या जाळीखाली, त्यांचा मानाचा वाफा होता. पिवळंधमक फूल, आणि पोटात हळदीत कुंकवाचं बोट बुडवावं तशी तांबूस झाक. खरंच सुंदर होतं. पाटीवर नाव होतं 'विमलश्री'. विमलताई म्हणजे तिकडच्या एका पुढाऱ्याच्या पत्नी. संक्रांतीनंतर नांदुऱ्यात पुष्पप्रदर्शन भरायचं होतं. तिथे पुढाऱ्यांच्या हस्ते हे फूल जाहीर व्हायचं होतं आणि आमचे सर व्यासपीठावरून ही नवी, वेगळी जात असल्याचं सांगणार होते.

"ही माही सोताची," गुलाबराव म्हणाले. "बारा वर्सं मेहनत केली हिच्यावर."

"म्हणजे नेमकं काय केलंत? कोणाशी संकर केला?"

"मेहनत केली नं मॅडम."

मी अकरा वाफ्यांतली पानं तोडली, कागदात गुंडाळली, पेन्सिलीनं नावं लिहिली. डबा उघडते तो पुण्याहून आणलेल्या बर्फाचं पाणी झालेलं. गुलाबरावांनी मला सोडा-सरबताच्या गाडीपाशी नेलं. गाडीवाल्यानं लादी फोडता फोडता डब्यात डोकावून पाहिलं.

"ऑपरेशनचं सामान हाय का बाई?"

"शेवंतीची पानं आहेत."

तो एकदम गंभीर झाला आणि बर्फाची एक मूठ जास्त टाकली. आजारी माणसाच्या नातेवाइकांशी वागावं तसं.

पूर्णेच्या पलीकडे

यादीतलं पुढचं नाव सोनाळ्याचं होतं. नांदुऱ्याहून संग्रामपूरकडे जाणाऱ्या बसमध्ये पूर्णा नदी ओलांडेपर्यंत मला शांतता मिळाली. मग कंडक्टरचं लक्ष डब्याकडे गेलं. डब्यातून पाणी ठिबकत होतं.

"डब्यात काय हाय?"

"पानं."

"पानं? बरफात?"

"हो."

"मासोळ्या हायेत नं? तं सांगून द्या नं सरळ."

माझ्या शेजारचे गळ्यात माळ घातलेले गृहस्थ चटकन पाय वर घेऊन बसले. मागून कोणी तरी म्हणालं, वास तं येऊन राह्यला बाप्पा. वास माझ्या पिशवीतल्या आलूबोंड्याचा होता, पण शास्त्राचं कोण ऐकतो? शेवटी मी भर बसमध्ये डबा उघडून एक पुडी सोडली. चारपाच डोकी वाकली.

"पानंच हायेत लेकहो," कंडक्टरनं जाहीर केलं, आणि मग खऱ्या काळजीनं मला विचारलं, "पुण्यात पानं भेटत नाईत काय?"

सरांच्या पन्नास पानी प्रस्तावात या प्रश्नाचं उत्तर नव्हतं.

संग्रामपूरला उतरून चहा घेतला आणि पहिल्या घोटाला वाटलं, पोरानं साखरेऐवजी मीठ टाकलं. चहावाला म्हणाला, "खारपाण पट्टा हाय बाई. हिरीचं पाणीच असं. आमाले आता गोड चहा पचत नाई." दोन्हीकडे काळीभोर जमीन, वेचणीला आलेला कापूस, आणि जमिनीखाली खारट पाणी. पुण्यात नळाला दोन तास उशीर झाला की आम्ही वर्तमानपत्रात पत्रं लिहितो. इथे जन्मभर खारट चहा पिऊन माणसं विनोद करत होती. मला दोन्हींचा राग आला.

सोनाळा

सोनाळा मोठं गाव आहे. उत्तरेला सातपुडा असा उभा राहतो की दुपारीसुद्धा त्याच्याकडे पाठ करून बसायला संकोच वाटावा. इथलं पाणी गोड आहे आणि संत्र्यांचे मळे आहेत. त्यांतल्याच एका मळ्याच्या कडेनं अनसूयाबाईंची शेवंती होती, पाऊण एकरभर. घरची बाग, नवरा संत्री पाहायचा, ती फुलं. हार करून ती सोनाळ्याच्या आणि संग्रामपूरच्या बाजारात विकायची.

पन्नाशीची, उंच, लुगड्याचा काष्टा मारलेली बाई. तिनं माझ्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्या सँडलकडे, आणि माझ्याविषयीचं मत बनवून टाकलं.

"गुलाबरावाकून आल्या? किती जाती सांगतल्या त्यानं?"

"अकरा."

"मांगच्या साली सात होत्या. पोरं झाले वाटते."

मी तिथेच वाफ्याच्या कडेला बसले. एवढ्या वर्षांत माझ्याइतकं कडवट बोलणारं माणूस मला भेटलं नव्हतं, आणि ते सोनाळ्यात भेटावं हे मला थोडं अपमानास्पदच वाटलं.

मी पुड्या उघडून तिच्यापुढे मांडल्या. पाट्यांवरची नावं तिला सांगितली नाहीत. तिनं एकेक पान बोटांत चोळलं, हुंगलं, उन्हात धरलं आणि ढीग करत गेली. "हे अन् हे एकच. हे तिसरंबी तेच. हे जरा येगळं." अकरा पुड्यांचे चार ढीग झाले. सुवर्णराणी आणि राजमोती एकाच ढिगात पडल्या. पुढे आमच्या लाखमोलाच्या यंत्रानं त्याच अकरा पुड्यांचे पाच गट केले. पाचवा गट तिच्या हातून कसा सुटला ते मला अजून कळलेलं नाही, आणि बाकीचे चार तिला कसे कळले तेही.

विमलश्रीचं पान मात्र तिनं बराच वेळ हातात ठेवलं. मग उठली आणि मला बांधापाशी घेऊन गेली. तिथे एक ओळ बहरात होती. पिवळंधमक फूल, पोटात तांबूस झाक.

"ही माह्या मायची हाय," ती म्हणाली. "लगन झालं तवा मायनं ओटीत नारळासंगं चार फुटवे देल्ले. घर मोडलं माहेरचं, भाऊ सुरतेले गेले, माय तं कवाच गेली. ही तेवढी राह्यली. हे फूल मी कोणाले इकत नाई. हे देवाले." तिनं हातातलं पान माझ्यापुढे नाचवलं. "अन् हे त्याच्या दुकानात कुठून आलं, ते तुह्या मशीनले इचार."

मी बांधावरची पानं तोडायला वाकले तेव्हा मागून तिचे यजमान आले, पुंडलिकभाऊ. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. "तेच कायले घेता बाई? तिकडं चांगले पानं हायेत," असं दोनदा म्हणाले. तिनं त्यांना गप्प केलं. मला वाटलं, बायकोच्या देवाच्या झाडाला परक्यानं हात लावू नये असं त्यांना वाटत असेल.

जेवायला ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. मी ताकाकडे हात नेला तशी ती म्हणाली, "तुमच्या पुण्यात भाजीत गूळ घालतात म्हणे. काऊन वो? भाजी बिमार असते काय?"

पुण्याच्या वतीनं बोलावं असं मला पहिल्यांदाच वाटलं, पण तोंड पेटलं होतं.

निघताना तिनं अट घातली. "पानं फुकट नेतेस, तं काय निंगालं ते सांगाले येजो. चिठ्ठी नको. सोता ये." मी हो म्हणाले. आपण किती गोष्टींना हो म्हणतो.

पुणे

सहा आठवडे पानं वाटली. विमलश्री आणि बांधावरची शेवंती मी शेजारी शेजारी लावली. पहिली शिडी तीच. दुसरी तीच. वेगवेगळ्या वीस तऱ्हांनी तपासलं, वीसही वेळा पायरीला पायरी जुळली. ही दोन झाडं नव्हती, एकच झाड दोन ठिकाणी उगवलं होतं. कुठून कुठे गेलं, हे मात्र शिडी सांगत नाही. ती सारखेपणा सांगते, वाट सांगत नाही.

या विसांखेरीज एका फोटोत, फक्त एकदा, विमलश्रीच्या रांगेत एक जास्तीचा फिकट पट्टा आला होता. असे पट्टे भुतासारखे असतात, एकट्याला दिसतात आणि बोलावलं की येत नाहीत. मी तीनदा पुन्हा करून पाहिलं. आला नाही.

सरांनी नेमका तोच फोटो उचलला.

"हा बघा फरक."

"सर, तो पुन्हा आला नाही."

"एकदा आला ना? मग आहे."

या तर्कानं आमच्या सोसायटीतल्या बंद पडलेल्या लिफ्टलासुद्धा चालू म्हणता येईल. मी वाद घातला, तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माझ्या नेमणुकीचा विषय काढला. सहज, हवापाण्याचा काढावा तसा.

त्या दिवशी मी घरी जाऊन ठरवलं. प्रदर्शनाला सर मला सोबत नेणार होतेच. व्यासपीठावर ते फोटो दाखवतील तेव्हा मी उठून सगळ्यांसमोर सांगायचं की हे खोटं आहे. खरे वीस फोटो पर्समध्ये ठेवले. अनसूयाबाईंना कार्ड टाकलं, अमुक दिवशी नांदुऱ्याला या, काय निघालं ते तिथेच सांगते. सोनाळ्यापर्यंत जायचे श्रम वाचवले आणि वर प्रेक्षकही बोलावून घेतले. स्वतःचं भाषण मी आरशासमोर म्हणून पाहिलं. ते चांगलं झालं होतं, हे सांगायला लाज वाटते.

पुन्हा नांदुरा

मांडव भरला होता. पुढारी दीड तास उशिरा आले आणि कोणालाच नवल वाटलं नाही. विमलताईंना विमलश्रीचा हार घातला गेला. सर सुटाबुटात, वेलची केळ्यासारखे टवटवीत. मी चहा घ्यायला मांडवाच्या मागे गेले तर तिथे पुंडलिकभाऊ उभे होते, हातात संत्र्यांची पिशवी.

"बाई, काय निंगालं?"

"अनसूयाबाई कुठे आहेत?"

"आत बसली. मी मुद्दाम तुमाले पाह्यत होतो. काय निंगालं ते आधी मले सांगा."

मी उत्साहात होते. म्हटलं, "त्यांचं म्हणणं खरं निघालं. दोन्ही झाडं एकच. आज सगळ्यांसमोर सांगते."

माणसाचा चेहरा खरोखर उतरताना मी त्या दिवशी पाहिला. ते खाली बसले, तिथेच, चहाच्या बादलीपाशी.

"नका सांगू बाई," ते म्हणाले. मग थांबत थांबत बोलले. नऊ वर्षांपूर्वी पोरीच्या बाळंतपणाला अनसूयाबाई तीन महिने जळगावला गेल्या होत्या. जाताना एकच गोष्ट सांगून गेल्या, बांधावरच्या ओळीला पाणी देत जा. विहिरीवरची मोटार जळाली. दुरुस्तीला नेली ती पंधरा दिवस आलीच नाही. त्यांनी घागरीनं पाणी नेलं, पण ते संत्र्यांना नेलं. "चार झाडं वाचवावी का चारशे, असं झालं बाई. वैशाख होता. ओळ जळून गेली. एक फुटवा नाई राह्यला."

"मग?"

"मंग काय. नांदुऱ्याले आलो. गुलाबरावाची सगळी नर्सरी पाह्यली. पान पाह्यलं, देठ पाह्यला. तेच दिसलं तं चाळीस रोपं नेली अन् त्याच जाग्यावर लावली. ती आली. पाह्यलं अन् म्हणे, यंदा बरी फुटली वो. तवापासून रोज पूजेले तेच फूल घेते." त्यांनी वर पाहिलं. "तुमी म्हणसान एकच हाय, तं ती गुलाबरावाले म्हणीन चोट्टा. अन् तो म्हणीन, तुह्या नवऱ्यानंच नेली माह्याकून. सगळ्या लोकात."

"गुलाबरावांकडे ती आली कुठून?"

"ते त्याले तरी मालूम असंल काय?"

खरंच होतं. त्याच्याकडची शेवंती एखाद्या वेळी तिच्या आईच्याच गावाहून आली असेल. नसेलही. मूळ झाड जळून गेलं होतं आणि आईचं घर मोडलं होतं. ताडून बघायचं ते कशाशी? माझ्या पर्समधले वीसच्या वीस फोटो एका प्रश्नाचं उत्तर देत होते आणि तो प्रश्न कोणाचाच नव्हता.

मांडवात सरांचं भाषण सुरू झालं होतं. पडद्यावर तो भुताचा पट्टा छपराएवढा मोठा दिसत होता. सरांनी काठीनं दाखवला. टाळ्या झाल्या. मी टेबलासमोर, पहिल्या रांगेतल्या माझ्या जागेवर येऊन बसले आणि बसूनच राहिले. माझं भाषण मला पाठ होतं आणि पर्स मी मिटूनच ठेवली. इतके दिवस मी या माणसाच्या खोटेपणाला हसत होते, आणि आता तो खोटेपणा नसता तर काय केलं असतं, असा विचार माझ्या मनात येऊन गेला.

टाळ्या थांबल्यावर अनसूयाबाई उठल्या. तिसऱ्या रांगेतून सरळ टेबलापाशी आल्या, ओच्यातून आपलं फूल काढलं आणि विमलश्रीच्या कुंडीशेजारी ठेवलं. मग पुढाऱ्यांकडे नाही, सरांकडे नाही, माझ्याकडे वळल्या.

"बाई, तू सांग. मशीन तू चालवतेस. हे अन् ते एकच का दोन?"

मांडवाच्या कडेला पुंडलिकभाऊ पिशवी दोन्ही हातांनी धरून उभे होते. गुलाबराव माझ्याकडे बघत होते, सर बघत होते.

"दोन आहेत," मी म्हणाले.

माझा आवाज स्पष्ट आला. सरांनी मान डोलावली. अनसूयाबाईंनी कुंडीतलं एक फूल खुडलं. मग त्यांनी दोन्ही फुलं उचलून माझ्या डोळ्यांसमोर धरली, इतकी जवळ की पाकळी नाकाला लागली.

"इतकं शिकली तू. अन् तुले हे दिसत नाई?"

लोक हसले. गुलाबराव पुढे झाले. "अवो माय, मशीन खोटं बोलते काय?"

"मशीन नाई बोलत," ती म्हणाली. "मानूस बोलते."

तिनं स्वतःचं फूल ओच्यात घातलं, त्याचं खाली ठेवलं. घेताना जराही चुकली नाही. मला त्या क्षणी विचारलं असतं तर कुठलं कोणाचं ते सांगता आलं नसतं. मग ती निघून गेली. आयुष्यात मी शेकडो लोकांना मूर्ख समजले आहे. मला कोणी इतक्या पूर्णपणे मूर्ख समजलं, असं तेव्हाच झालं.

संध्याकाळच्या आत आमची जीप निघाली. सर पुढे बसले होते. स्टॅंडपाशी कोणी तरी बॉनेटवर थाप मारली. अनसूयाबाई होती, आणि चार पावलं मागे पुंडलिकभाऊ. तिनं खिडकीतून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही तरी माझ्या मांडीवर टाकलं. बाहेर चार हिरवी पानं डोकावत होती.

"घरूनच आणलं होतं तुह्यासाठी. लावून दे घरी. कुंडीत लाव. रोज पाह्यत जाय, मशीनीत नको घालू. दोन-चार साल डोयानं पाह्यशीन तं दिसन तुले."

मी काही तरी पुटपुटले. ती तेवढ्यावर थांबली नाही. "पाणी देत जाय रोज. माह्या मायची हाय ते."

पुंडलिकभाऊंनी मान खाली घातली होती. मग त्यांना आठवण झाली आणि संत्र्यांची पिशवीही त्यांनी खिडकीतून आत दिली. माझ्याकडे पाहिलं नाही.

जीप सुटली. थोड्या वेळानं सर मागे वळले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते माझ्याशी प्रेमानं बोलत होते.

"शाब्बास. मला काळजी होती तुमची. पण ऐन वेळी शास्त्राची बाजू घेतलीत. ते काय आहे हातात?"

"शेवंती."

"अरे वा. कुठली जात? विमलश्री?"

नमुन्यांची वही गुडघ्यावर उघडून मी पेन्सिल काढली. रस्ता खराब होता, अक्षर वाकडं आलं. जातीच्या रकान्यात मी लिहिलं, 'अनसूयाबाईंच्या आईची'.

सरांनी वाकून वाचलं आणि हसले. "हे काय? असं लिहून चालत नाही."

"चालेल," मी म्हणाले, आणि रोपाची माती सांडू नये म्हणून कागद दोन्ही हातांनी आवळून धरला.